गरी शिकायची तर आधी एकच तलाव धरा

पोळा झाला आणि तलाव टम्म भरले की दरवर्षी आमच्याकडे दोन-चार पोट्टे येतातच विचारायला, भाऊ गरीनं, म्हणजे गळानं मासे धरायचे तर रॉड कोणता घेऊ, रील कोणतं घेऊ, आणि मी दरवर्षी तेच सांगतो की बाबू आधी तलाव कोणता ते सांग, मासा कोणता ते सांग, मग रॉडचं पाहू. हे कोणाला पटत नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले असतात, त्यात पाचव्या मिनिटाला दहा किलोचा मासा निघते, मधले सहा तास कापून टाकलेले असतात ते कोण सांगते. मी पण तसाच होतो. माझा पहिला रॉड ऑनलाइन मागवलेला, पाच वस्तूंचा सेट, फोटोत एकदम झकास, आणि तिसऱ्याच रविवारी रीलच्या आतलं दाताचं चाक घासलं, हँडल फिरते पण लाइन काही गुंडाळत नाही. परत पाठवायला गेलो तर मुदत संपलेली. तो सगळा हंगाम मग बांबूच्या काठीवर काढला, आणि खरं सांगतो, जे काही शिकलो ते त्याच हंगामात शिकलो.

मी वैनगंगेच्या काठचा, धानपट्ट्यातला माणूस, त्यामुळे हे सगळं मामा तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि धरणाच्या मागच्या पाण्याचं आहे असं समजा. वऱ्हाडातल्या भावांच्या काळ्या मातीतल्या धरणात पाणी जरा गढूळ राहते, काठ वेगळे असतात, पण मासे तेच, रोहू कतला मिरगल मरळ, त्यामुळे बहुतेक गोष्टी तिकडंही चालतील.

पहिलं काम म्हणजे एक तलाव निवडा आणि वर्षभर तिथंच जा. रोज नवीन पाण्यावर गेलं की रोज नव्यानं शून्यापासून सुरुवात होते. आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे मालगुजारीच्या काळातले, कोहळी लोकांनी बांधलेले, यांची ठेवण साधारण एकसारखीच असते. एका अंगाला मातीची लांब पाळ, तिथं सगळ्यात खोल पाणी, समोरच्या अंगानं उतार आणि जंगलाकडून किंवा शेतातून पाणी येते ती बाजू, आणि एका कोपऱ्यात जास्तीचं पाणी बाहेर जायची सलंग. उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हा गरी घेऊन नका जाऊ, रिकाम्या हातानं जा आणि तळ पाहा. जुना नाला कुठून जातो, बुडलेलं खोड कुठं आहे, गावानं माती काढून खड्डा कुठं केला, कुठं नुसता गाळ आणि कुठं मुरूम. मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवतो, मागं झाड किंवा देऊळ येईल असे, म्हणजे पाणी भरल्यावर पण समजते की त्या मोहाच्या सरळ रेषेत वीस पावलं आत खड्डा आहे. मासा त्या नाल्याच्या कडेनं फिरतो, जसं आपण पांदणीनं फिरतो तसंच.

पाणी भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस पण नुसते बसून पाहा. सकाळी साडेपाच ते साडेसात. जिथं बारीक बुडबुड्यांची ओळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत जाते तिथं खाली मासा गाळ उकरून राहिला आहे, मिरगल किंवा कॉमन कार्प. एकाच जागेवरून सारखे मोठे बुडबुडे येत असतील तर तो नुसता गाळातला गॅस आहे, तिथं दिवसभर बसाल तरी काही नाही. पाण्याच्या वर पाठ दाखवून धप्प आवाज करून जाते तो बहुतेक कतला. आणि बेशरमाच्या झुडपात, कमळाच्या पानात एकदम चुळूक वाजलं आणि शांत झालं तर ती मरळ, हवा घ्यायला वर आली होती. मरळीला पाण्याबाहेरची हवा लागतेच, त्यामुळे ती कितीही लपली तरी थोड्या वेळानं स्वतःच आपला पत्ता सांगते.

आता परवानगीचं. ही गोष्ट लोक टाळतात आणि मग पाळीवर भांडणं होतात. आपल्याकडचे बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, संस्था म्हणजे गावातले ढिवर, भोई, केवट बांधव, त्यांचं पोट त्यावर आहे. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते की रोहू, कतला, मिरगल हे नदीचे मासे आहेत, तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सोबतच्यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून जिरे आणि बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्लं, तयार करून तलावात सोडायचा मार्ग खुला झाला, म्हणूनच 10 जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो. सांगायचा मुद्दा हा की तुमच्या गळाला लागलेला रोहू कोणीतरी पैसे देऊन सोडलेला आहे. अध्यक्षांना किंवा रखवालदाराला जाऊन भेटा, नमस्कार करा, विचारा. काही संस्था दिवसाचे पैसे घेतात, काही म्हणतात किलोप्रमाणे द्या, काही म्हणतात एक-दोन घरी खायला न्या पण जाळं नको. नाही म्हटलं तर नाही, दुसरा तलाव पाहा.

व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्याच्या हद्दीत तर विचारूच नका. पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, कुठंही. तोतलाडोहात मासे लय मोठे आहेत असं सांगून कोणी नेत असेल तर जाऊ नका, तो जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पातला आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकलात तर रॉड, गाडी सगळं जाते. महसीरचं स्वप्न पण इथंच सोडा. तो मध्य प्रदेशचा राज्यमासा, आपल्याकडे जिथं उरला असेल तिथं जंगलच आहे, त्याला राहू द्या.

मासा ओळखायचा तर त्याचं तोंड पाहा. कतल्याचं डोकं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं, म्हणजे तो वरच्या थरात खाणारा. रोहूचं तोंड पुढून जरासं खाली, ओठाला झालर असल्यासारखी, हा मधल्या पाण्यातला, पण चारा टाकला की खाली पण येतो. मिरगलचं तोंड खालच्या अंगाला, तो तळाशीच चरतो. एवढं डोक्यात बसलं की गळ किती खोल सोडायचा याचं अर्धं उत्तर मिळालं. नवीन माणसानं पहिलं वर्ष रोहू आणि मिरगलच्या मागं राहावं असं माझं मत आहे. कतला खटपटीचा, मरळीला वेगळं सामान लागते, आणि चिलापी म्हणजे तिलापिया तर गांडुळावर पोरंसोरं पण धरतात, हात बसवायला चांगली आहे.

सामान. बांबूची दहा-बारा फुटाची सरळ, वाळलेली, शेंड्याला लवचिक काठी, तेवढीच लांब लाइन, झालं. बोडीवर याच्यापुढं काही लागत नाही. मोठ्या तलावावर आणि धरणाच्या पाण्यावर लांब फेकावं लागते, तिथं आठ-नऊ फुटाचा रॉड, 3000 किंवा 4000 नंबरचं स्पिनिंग रील आणि 0.35 मिमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची लाइन. रील घेताना दुकानात हातात घेऊन हँडल मागं-पुढं हलवून पाहा, ढिलं वाजत असेल तर ठेवून द्या, माझ्यासारखं फोटोवर भुलू नका. गळाच्या नंबरात नवे लोक फसतात कारण नंबर उलटा चालतो, 10 नंबर लहान, 6 त्याहून मोठा, 1 आणखी मोठा, आणि त्याच्यापुढं 1/0, 2/0 असे पुन्हा मोठे होत जातात. रोहू-मिरगलला 6 ते 2 मधला कोणताही चालते. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं सांगणारी काडी, विकत घेतला तरी ठीक, पण अंबाडीच्या वाळलेल्या सनकाडीचा वीतभर तुकडा, एका टोकाला लाल नेलपॉलिश लावून, हा मला अजूनही सगळ्यात आवडतो. हलका असल्यानं माशानं नुसतं नाक लावलं तरी सांगते.

गाठ एकच शिका पण नीट शिका. लाइन गळाच्या डोळ्यातून काढा, टोक मूळ लाइनीभोवती पाच-सहा वेळा फिरवा, मग टोक परत डोळ्याजवळ जो लहान फासा तयार होते त्यातून घाला, थुंकीनं ओलं करा आणि सावकाश ओढा. थुंकी लावायची राहिली तर ओढताना लाइन गरम होऊन कमजोर होते, मग मासा लागल्यावर गाठीतूनच जाते आणि आपण म्हणतो मासा लय मोठा होता.

चाऱ्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळा खेळ तिथंच आहे. एक गळावरचा चारा आणि एक जागेवर टाकायचा चारा, दोन्ही वेगळे. जागेवर टाकायचा असा करतो: धानाचा कोंडा दोन भाग, कनकी एक भाग, दोन दिवसाचा आंबट झालेला शिळा भात, आणि त्याच तलावाच्या काठची चिकट माती, हे सगळं मळून बेलाएवढे गोळे. आदल्या दिवशी संध्याकाळी सात-आठ गोळे एकाच जागेवर टाकायचे, सकाळी पुन्हा दोन. एकाच जागेवर म्हणजे खरंच एकाच जागेवर, अंगणाएवढ्या घेरात फेकाल तर मासा पण अंगणभर फिरत राहीन आणि तुमचा गळ एका कोपऱ्यात. आणि टोपलंभर टाकू नका, पोट भरलेला मासा गळाकडे कशाला येईल, उन्हाळ्यात तर उरलेलं सडून पाणी पण खराब होते.

ढेपेचं एक सांगून ठेवतो. शेंगदाण्याची ढेप चांगली, सरकीची पण चालते, पण मोहाच्या टोळीची, म्हणजे बियांची ढेप चुकूनही मिसळू नका. मोहाच्या ढेपेत साबणासारखा एक विषारी पदार्थ असते, तो माशाच्या रक्ताच्या पेशी फोडते, मत्स्यतळी साफ करायला नको असलेले मासे मारण्यासाठी तीच ढेप वापरतात. मोहाचा वास माशांना आवडते असं ऐकून एका पोट्ट्यानं घरातली ढेप मिसळली होती, टाकायच्या आधी रखवालदारानं हुंगली म्हणून वाचलं, नाहीतर संस्थेनं त्याला तळ्यातच बुडवला असता. पाण्यात विष किंवा बारूद टाकून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे, आणि विजेचा करंट सोडणारे तर स्वतःच मरतात, दर उन्हाळ्यात बातमी असतेच.

गळावरच्या चाऱ्याचं माझं प्रमाण: दोन वाट्या कणीक, एक वाटी भाजलेलं बेसन (लाखोरीचं पीठ पण चालते, आमच्याकडे तेच घरात असते), एक वाटी कुटून चाळलेली शेंगदाण्याची ढेप, चमचाभर बडीशेप भाजून कुटलेली, चिमूटभर हिंग, आणि मळायला गुळाचं पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. मग घरीच परीक्षा घ्या, बोराएवढा गोळा गळाला लावून बादलीत सोडा आणि चहा पिऊन या. पंधरा-वीस मिनिटं टिकला तर बरोबर, पाच मिनिटात सुटला तर कणीक वाढवा, आणि अर्ध्या तासानं पण दगडासारखा असेल तर कोंडा घाला, कारण जरा जरा विरघळला नाही तर वास पसरणार कसा. गळाचं टोक गोळ्याच्या वरच्या थराच्या अगदी लगेच आत पाहिजे, मधोमध बुडवून टाकलं तर झटका दिल्यावर टोक बाहेरच येत नाही. मिरगल आणि कॉमन कार्पला उकडलेल्या मक्याचे दोन दाणे, सोपं काम, बारीक मासे पण त्याला कमी त्रास देतात. गांडूळ सगळ्यांनाच आवडते, पण त्यावर आधी चिलापी आणि टेंगरा येतील, तुमचा रोहू रांगेत मागं.

कतल्यासाठी लोक पाच-सहा गळांचा झुपका करून मधे मोठा गोळा लावतात. चालते ते, खोटं नाही. कतला बारीक जीवजंतू पाण्यासकट ओढून गाळून खातो, त्यामुळे विरघळणाऱ्या गोळ्याच्या ढगात येतो आणि एखादा गळ ओढून घेतो. पण अर्ध्या वेळा गळ तोंडात न लागता गालात, पोटात, डोळ्यात लागते. मला ते पाहवलं नाही, मी सोडून दिलं.

खोली मोजणं. गळाला जड शिशाचा तुकडा अडकवून सोडा, काडी पूर्ण बुडाली तर पाणी जास्त खोल आहे, काडी वर सरकवा, काडी आडवी पडून तरंगली तर खोली कमी आहे, खाली घ्या, नुसतं लाल टोक वर दिसलं की तळ सापडला. मिरगलसाठी तिथंच ठेवा किंवा बोटभर जास्त. रोहूसाठी वीतभर कमी करा. हे दोन मिनिटाचं काम न करता लोक दिवस घालवतात. मी पहिल्या वर्षी तेच करत होतो, सारखा गळ बाहेर काढायचो, जागा बदलायचो, पुन्हा धपकन फेकायचो. पलीकडे एक ढिवर मामाजी डोंग्यातून जाळं काढत होते, दोन तास पाहून शेवटी बोलले, "पोरा, तू मासे धरून राहिला का पाण्याले गोटे मारून राहिला?" मग जवळ येऊन माझी काडी दीड हात वर सरकवून दिली आणि बोलले, "आता हात बांधून बस." त्या दिवशी पहिला रोहू लागला, पाऊण किलोचा असेल, पण तो मला अजून आठवते.

रोहूचं खाणं कसं दिसते ते नीट सांगतो कारण नव्या माणसाचा झटका नेहमी लवकर जाते. आधी काडी नुसती थरथरते, जवळून माशाची शेपटी गेल्यासारखी. काही करू नका. मग एक-दोन टिचक्या, काडी अर्धा इंच खाली आणि लगेच वर, म्हणजे तो ओठांनी गोळा चाचपून राहिला, काही वेळा हे बारीक माशांचं पण असते. तरी काही करू नका, हात रॉडवर ठेवा फक्त. मग काडी तिरपी होऊन एका अंगाला हळू चालायला लागते, किंवा उलट, वर उचलली जाऊन आडवी पडते. आडवी पडली म्हणजे माशानं चारा आणि लाइनीवरचं शिसं दोन्ही वर उचललं. आता झटका. झटका म्हणजे कुऱ्हाड मारल्यासारखा नाही, मनगटानं हातभर, बस. लाइन जास्त ढिली असेल तर आधी ढील गुंडाळून घ्या. मिरगल याच्या उलट, तो फारसा खेळवत नाही, काडी सरळ खाली घेऊन जाते.

मासा लागल्यावर घाई नको. रीलच्या ड्रॅगचा पेच, म्हणजे माशानं ओढल्यावर लाइन किती जोरानं सुटावी ते ठरवणारा, घरूनच लावून या. दोन लिटरची पाण्याची बाटली भरून लाइनीला बांधा आणि रॉडनं हळू उचला, बाटली उचलता उचलता रीलमधून किर्र आवाज करत लाइन सुटायला लागली पाहिजे. हे मी का सांगून राहिलो तर एका दिवाळीत कतला लागला होता, पाठ पाहिली मी त्याची, आणि माझा ड्रॅग पूर्ण आवळलेला, कारण काय तर मासा सुटू नये. तो पाळीच्या दगडाकडे वळला, रॉड कमानीसारखा वाकला, टण्ण आवाज आला आणि लाइन तोंडावर आली. ढिला असता तर पळून पळून थकला असता. मासा पळते तेव्हा पळू द्या, थांबला की रॉड हळू वर घ्या आणि खाली आणता आणता गुंडाळा, लाइन कधीही ढिली पडू नये. काठाजवळ आला की तुम्हाला पाहून तो हमखास अजून एकदा पळणार, बहुतेक मासे तिथंच सुटतात. हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि माशाला तिच्यावर आणा, माशाच्या मागं जाळी घेऊन धावू नका.

मरळीचं प्रकरण वेगळं. तिला रबरी बेडूक, ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन आणि सात फुटाचा जरा कडक रॉड. जिवंत बेडूक लावायची काही गरज नाही. मार्च ते जूनचा पाऊस पडेपर्यंत, पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, कमळाच्या पानांच्या पलीकडे फेकायचा आणि पानावरून टुणूक-टुणूक ओढत आणायचा, दोन उड्या, थांबा, एक उडी, थांबा. ती बहुतेक थांबल्यावरच येते. पाणी फुटल्याचा आवाज आला की तोंडून आपोआप आई निघते आणि हात वर जाते, तिथंच चुकते. मनात एक, दोन म्हणा, वजन लागलं असं वाटलं की मग जोरात. लागल्यावर मात्र अजिबात ढील नाही, झुडपात गेली की गेली. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा दिसला तर त्याच्या खाली नर-मादी पहारा देत असतात. घोळक्यात बेडूक टाकला तर शंभर टक्के झडप घालतात, कारण त्यांना वाटते पिल्लांवर कोणी आलं. तिथं टाकू नका. आईबाप गेले की तासाभरात बाकीचे मासे पिल्लं साफ करतात. जिथं शिंगाड्याची वेल लावलेली आहे तिथं पण बेडूक ओढू नका, ते कोणाचं तरी पीक आहे.

वेलीचा नाही तर माशातला शिंगाडा, तो रात्री आणि संध्याकाळी तळाला गांडुळावर किंवा झिंग्यावर लागते. त्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे काटे असतात, मी एकदा अंधारात गळ काढायला गेलो आणि तळहातात अंगठ्याखाली काटा गेला, रात्रभर हात ठणकला. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर आराम पडला, सूज वाढली तर मात्र डॉक्टर. तेव्हापासून पक्कड आणि जाड फडकं पिशवीत असतेच. नदीतला शिवडा, ज्याला गावागणिक वेगळं नाव आहे, त्याचे दात बारीक पण लय, साधी लाइन कापते, त्यासाठी गळाच्या वर वीतभर स्टीलची तार.

कधी जायचं म्हणाल तर माझे आवडते दिवस म्हणजे रोवणी आटोपल्यावरचा सप्टेंबर ते दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस, आणि मग फेब्रुवारी-मार्च. थंडीत रोहू-कतला खाणं कमी करतात, तेव्हा सकाळी लवकर जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही, अकरा ते तीन बसा. मे महिन्यात उलट, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होते, मासा पहाटेच काय ते खाते, दहा वाजता घरी या, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत पाळीवर बसायचं वेड नको. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यातून पोट भरलेले मासे वर चढतात, ते अंड्यावर आलेले असतात, तेव्हा मी गरी खुंटीला टांगतो.

जिवाचं पण सांगतो. कार्बनचा रॉड विजेच्या तारेसारखाच आहे, करंट धरते. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून पाळीवरून उतरा, एकट्या झाडाखाली उभे राहू नका, आणि तलावावरून विजेची लाइन गेली असेल तर तिच्याखाली रॉड उभा पण करू नका. धरणाच्या खालच्या बाजूला, दरवाज्यांसमोर बसू नका, गोसेखुर्दला 33 दरवाजे आहेत, त्यातले चार जरी उघडले तरी ज्या खडकावर तुम्ही डबा खाऊन राहिले तो खडक पाण्याखाली जाते. जंगलालगतच्या तलावावर अंधार पडायच्या आत गाडीला किक मारा, आमच्याकडे वाघ आणि अस्वल दोघंही पाण्यावर येतात. पाळीच्या दगडात हात घालण्याआधी काठीनं ठोका, घोणस तिथंच बसते. गळ बोटात काट्यासकट रुतला तर ओढू नका, लाइन कापा आणि दवाखाना. मी तर गळाचा उलटा काटा पकडीनं दाबूनच ठेवतो, माशाच्या तोंडातून पण लवकर निघते, आपल्या बोटातून पण.

घरी न्यायचा मासा लगेच मारा, डोक्यावर एक ठोका, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. तडफडत ठेवलेला मासा चवीला पण उतरते. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरची बुळबुळीत साय निघून जाते आणि मग बुरशी लागते, पाण्यात सरळ धरून ठेवा, स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत.

तुटलेल्या लाइनचा एक तुकडाही काठावर टाकू नका. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानात आणि तलावात सारस फिरतात, बगळे तर सगळीकडेच, पायात तंगूस अडकलेला बगळा मी पाहिला आहे, झाडाला उलटा लटकलेला. मी तुकडे बिस्किटाच्या जुन्या डब्यात भरतो. त्याच डब्यात एक दोनशे पानी वही आहे, तलाव, तारीख, वेळ, खोली, चारा, काय लागलं. मागच्या रविवारचं असं लिहिलं आहे: मोहाची रेषा, सव्वादोन हात, उकडलेला मका, सकाळी 6:20 ला मिरगल एक, 7 ला दुसरा, त्यानंतर वारा सुटला, रोहू एक काठाजवळ सुटला, गाठ नीट होती, चूक माझी.